सातव्या सेमिस्टरला जर्मनी: एक्स्चेंजला जाताना नक्की काय अपेक्षा ठेवायची?

चिंचेचा_कोळ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचा ड्रेस्डेनमधल्या एका विद्यापीठाशी करार आहे, दरवर्षी दोघांना एका सेमिस्टरसाठी पाठवतात. यंदा माझं नाव लागलंय. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे माझं सातवं सेमिस्टर. फी इथलीच भरायची, तिकडे शिकवणीची फी नाही. राहणं, खाणं, विमान आपलं आपण. शिष्यवृत्ती नाही.

अडचण अशी की प्लेसमेंट सातव्या सेमिस्टरलाच असतात. मैत्रिणी म्हणतात वेडी आहेस. सर म्हणतात जा. आई म्हणते थंडीचं काय. बाबा (कराडजवळ साखर कारखान्यात आहेत) दोनच वाक्यं बोलले: "पैशाचं बघू. पण सहा महिन्यांत तिथं जाऊन तू शिकणार काय?" याचं उत्तर मला देता आलं नाही.

जर्मन ए२ पर्यंत झालंय, कोर्स इंग्रजीत आहेत. जे जाऊन आलेत त्यांनी सांगा, काय वाट्याला येतं? फोटोतलं नको, खरं सांगा.

तिखटमीठ
अभिनंदन! जा. बाकी चर्चा होत राहील.

सह्यकडा
अभिनंदन. पण मैत्रिणी वेड्या नाहीत. कॅम्पस प्लेसमेंटची गाडी एकदा सुटली की पुढचं सगळं स्वतः शोधावं लागतं. आपल्याकडे मोठ्या कंपन्या ऑगस्ट-सप्टेंबरातच येऊन जातात. तू ऑक्टोबरात निघणार, म्हणजे पहिला महिना-दीड महिना मिळेल. प्लेसमेंट ऑफिसला आत्ताच लेखी विचार की पुढच्या फेऱ्या ऑनलाइन देता येतील का. तोंडी 'बघू' म्हणाले तर ते 'नाही' समज.

मीनल_एल्बकाठ
ड्रेस्डेन वाचून लॉगिन केलं! मी २०१८च्या हिवाळ्यात तिथेच एक्स्चेंजला होते, नंतर मास्टर्सला परत आले आणि अजून याच शहरात आहे. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

कागदं. सेमिस्टर ९० दिवसांपेक्षा मोठं, त्यामुळे शेंगेन टूरिस्ट व्हिसा चालत नाही, नॅशनल व्हिसा काढावा लागतो. त्याला ब्लॉक्ड अकाउंट लागतं. सध्या महिन्याला ९९२ युरो या हिशोबाने, सहा महिन्यांचे ५,९५२. रुपयांत सहा लाखांच्या आसपास. हा आकडा बघून बाबांना घाम फुटेल, तेव्हा त्यांना नीट सांग की ही फी नाही. पैसे तुझेच, दर महिन्याला तुलाच परत मिळतात. माझं महिन्याचं भागायचं तेव्हा सातशेत. आता वसतिगृहाची खोली ३०० धर, विद्यार्थी विमा सव्वाशे ते दीडशे, खाणं दोनशे, वर किरकोळ.

पहिले पंधरा दिवस. खोली मिळाली की दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. नोंदणी झाल्याचा दाखला बँकेला लागतो, आणि बँकेत चालू खातं उघडलं की मगच ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुटतात. आलं का लक्षात? खात्यात सहा महिन्यांचे पैसे आहेत आणि हातात एकही नाही, असे दोन-तीन आठवडे जातात. हजारेक युरो सोबत ठेव, फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड. आमच्या बॅचमधल्या एकाने तीन आठवडे पाव आणि केळी खाऊन काढले, आणि तो श्रीमंत घरचा होता.

पत्रपेटी. हसू नको. इथे सगळं पोस्टाने येतं: बँकेचा पिन, टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड. पेटीवर तुझं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. पहिल्या दिवशी कागदाची पट्टी चिकटव.

टीव्हीची वर्गणी. महिन्याभरात एक पत्र येईल: दरमहा १८.३६ युरो भरा. माझ्याकडे टीव्ही नाही, हे उत्तर चालत नाही. वर्गणी घरामागे असते, माणसामागे नाही. त्यामुळे चौघी एका फ्लॅटमध्ये असाल तर एकीने भरायची आणि बाकीच्यांनी तिचा नंबर कळवायचा. पत्र कचऱ्यात टाकू नको, थकबाकी वाढत जाते.

अभ्यास आणि माणसं यावर रात्री लिहिते.

उगाच
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. एका सेमिस्टरचं एक्स्चेंज म्हणजे पालकांच्या पैशाने केलेली लांबलचक सहल. माझ्या चुलत भावाने प्राग, पॅरिस, आम्सटरडॅम, बुडापेस्ट सगळं केलं. जर्मन किती आलं? 'एक बिअर'. जायचंच तर मास्टर्सला जा, पूर्ण जा.

तिखटमीठ
@उगाच, 'एक बिअर' व्याकरणशुद्ध आलं असेल तर ए१ पास समजायला हरकत नाही.

पंतोजी
मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो आणि अशा करारांची कागदपत्रं काही वर्षं बघितली आहेत. मुलं थंडीची आणि जेवणाची चौकशी करतात. खरी ठेच वेगळीकडेच लागते, ती कॅलेंडरमध्ये.

जर्मनीत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, परीक्षा त्यानंतर, निकाल मार्च-एप्रिलमध्ये. आपलं आठवं सेमिस्टर सुरू होतं जानेवारीत. म्हणजे दीडेक महिना तुम्ही दोन्हीकडे हजर असायला हवं, आणि कागदोपत्री दोन्हीकडे गैरहजर. आठव्यात प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप असेल तर निभावतं. थिअरीचे पेपर असतील तर हजेरीचं पत्र आधीच मंजूर करून घ्या.

दुसरं, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिकडचे कुठले विषय घेणार आणि त्याबदल्यात इथले कुठले माफ होणार, हे त्यात असतं आणि तुमची, इथली, तिकडची अशा तिन्ही सह्या लागतात. तिकडे पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट्स), आणि एका ईसीटीएसमागे साधारण ३० तासांचं काम धरतात. त्यात घरी बसून वाचणंही आलं. तिथे गेल्यावर विषय बदलावे लागतातच, कधी दोन तास एकमेकांवर येतात, कधी कोर्स ऐनवेळी जर्मनमध्ये निघतो. बदल झाला त्याच आठवड्यात नवीन सही मागवा.

गवती_चहा
पंतोजींना १००% अनुमोदन. माझ्या बाबतीत (कॉलेजचं नाव नको) मी परत येईपर्यंत विभागप्रमुख बदलले. नवीन सर म्हणाले, हा विषय आपल्या विषयाशी ७० टक्के जुळत नाही. जुन्या सरांनी 'हो' म्हटलेलं होतं, पण ते कॅन्टीनमध्ये. कागद नव्हता. २२ वर्षांची असताना, जर्मनीत पास झालेल्या विषयाची परीक्षा ज्युनियर बॅचसोबत पुन्हा दिली. पदवीचं प्रमाणपत्र एक सत्र उशिरा.

आणि गुणांचं रूपांतर! जर्मनीत १.० सर्वात चांगले, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० नापास. मला एका विषयात १.३ होते. घरी फोटो पाठवला तर बाबांचा फोन, "एवढा खर्च करून एक पूर्णांक तीन?"

झुणकाभाकर
आमच्याकडे उलटं. मला ४.० पडले. आजोबांना वाटलं चारपैकी चार. गल्लीत पेढे वाटले. मी आजतागायत सुधारलेलं नाही.

तिखटमीठ
@झुणकाभाकर हाहाहा, आजोबांचा आयडी आहे का इथे?

राधाक्का
मी आईच्या बाजूने लिहिते, कारण चिंचेच्या कोळाची आई हे वाचत असेल तर तिला बरं वाटेल.

मुलगा श्टुटगार्टजवळ एक सेमिस्टर होता. ऑक्टोबरात रोज फोन. आज हे पाहिलं, आज ते खाल्लं. तेव्हा वेळेत साडेतीन तासांचा फरक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग साडेचार तास. आमच्या जेवणाच्या वेळी तो वर्गात आणि त्याच्या रात्री आम्ही झोपलेलो. नोव्हेंबरात फोन पाच मिनिटांवर आला. "काय चाललंय?" "काही नाही." व्हिडिओवर बघावं तर कायम ट्यूबलाइट. मी विचारलं, अरे दुपारचे साडेचार वाजलेत ना तिथे, पडदा उघड. म्हणाला, आई, पडदा उघडाच आहे.

तेव्हा मला त्या अंधाराची कल्पना आली. बर्फाच्या, गारठ्याच्या गोष्टी सगळे सांगतात. डिसेंबरात सकाळी आठला उजाडतं आणि साडेचारला मावळतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगं आजारी नव्हतं, कुणाशी भांडलं नव्हतं, नुसतं मंद झालं होतं. त्याच्या खोलीशेजारच्या तुर्की मुलाने त्याला रोज दुपारी बाराला ओढून बाहेर चालायला न्यायला सुरुवात केली, तेव्हा तो जरा मार्गावर आला.

म्हणून आईला सांगते, थर्मल दे, स्वेटर दे, पण नोव्हेंबरात ती कमी बोलायला लागली तर "आम्हाला विसरलीस" म्हणू नकोस. मी म्हटलं होतं. अजून लागतं ते.

चिंचेचा_कोळ
राधाक्का, आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण थर्मलची संख्या दोनवरून चार झाली.

@पंतोजी सर, आमच्या आठव्यात प्रोजेक्ट आणि एकच थिअरी आहे. उद्याच अर्ज टाकते.

मीनल_एल्बकाठ
आले परत. अभ्यासाबद्दल.

हजेरी बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. युनिट टेस्ट, सबमिशन, जर्नल, काही नाही. पहिल्या महिन्यात वाटतं स्वर्ग आहे. मग फेब्रुवारीत एकच परीक्षा, तिच्यावर शंभर टक्के गुण. आपल्याला दर आठवड्याला कुणीतरी मागे लागायची सवय असते, ते मागे लागणं बंद झालं की घसरगुंडी सुरू.

सगळ्यात महत्त्वाचं: कोर्सला नाव घालणं वेगळं आणि परीक्षेला नाव घालणं वेगळं. दुसऱ्याची मुदत मधेच कधीतरी, डिसेंबर-जानेवारीत, निघून जाते. मी एका विषयाला सेमिस्टरभर पहिल्या बाकावर बसले आणि परीक्षेच्या यादीत माझं नाव नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या, मुदत संपली. गयावया केली. त्यांना माझी कीव आली असावी, पण मुदत संपली ती संपलीच.

वेळापत्रकात वेळेपुढे 'सी. टी.' लिहिलेलं असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो. 'एस. टी.' असेल तर ठोक्याला.

सह्यकडा
म्हणजे तिकडे एस. टी. वेळेवर असते. नोंद घेतली.

मीनल_एल्बकाठ
:) आणि तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पहिल्यांदा मला वाटलं प्राध्यापकांवर मोर्चा आलाय.

@उगाच, तुमच्या भावाचं उदाहरण खरं आहे, असे पुष्कळ असतात. त्याचं कारणही सांगते. विद्यापीठ एक्स्चेंजवाल्यांना एका वसतिगृहात ठेवतं, त्यांची स्वागत-सहल काढतं, पार्ट्या वेगळ्या. स्पॅनिश, इटालियन, ब्राझिलियन, कोरियन सगळे मित्र होतात आणि अख्ख्या सेमिस्टरमध्ये एकाही जर्मन घरात पाऊल पडत नाही. जर्मन विद्यार्थ्यांचे मित्र पहिल्या वर्षीच ठरलेले, आणि त्यांना माहीत असतं की तू फेब्रुवारीत जाणार. कशाला जीव लावतील? तो गोतावळा फोडायचा तर कुठल्या तरी क्लबात नाव घालायचं. मी विद्यापीठाच्या कोरसमध्ये गेले. सूर बरा नव्हता, पण दर मंगळवारी तीच चाळीस माणसं भेटायची. चौथ्या आठवड्यात एकीने घरी बोलावलं.

वाढदिवसाचा एक नियम लक्षात ठेव: आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. आणि ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा.

प्राची_ओसाका
जपानचं थोडं सांगू का? धागा जर्मनीचा आहे पण 'जवळपासचं' म्हणून. मी एक वर्ष होते. विमानतळावरच रहिवासी कार्ड हातात देतात, १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. आरोग्य विम्यात ७० टक्के ते, ३० टक्के आपण. परवानगी घेतली की आठवड्याला २८ तास काम करता येतं. मी पहाटे एका बेकरीत काम केलं, आणि माझी जपानी वर्गातून आली त्यापेक्षा जास्त त्या बेकरीतून आली.

एकटेपणाचं जे मीनलने लिहिलं ते तिथेही तसंच, फक्त जास्त हसतमुख.

चिंचेचा_कोळ
जर्मनीत काम करता येईल का? खर्च थोडा तरी निघावा.

मीनल_एल्बकाठ
कायद्याने वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस चालतं. पण पाच महिन्यांसाठी त्यावर बजेट बांधू नको. कागदं होईपर्यंत नोव्हेंबर, काम मिळेपर्यंत डिसेंबर, आणि जानेवारीत परीक्षेची भीती. ख्रिसमसच्या बाजारात तीन-चार आठवडे माणसं लागतात, तिथे मात्र बघ. इथला बाजार १४३४पासून भरतो. माझ्या मैत्रिणीने पूर्ण डिसेंबर बदाम भाजले. तिच्या कोटाला मार्चपर्यंत साखरेचा वास होता.

कोल्हापुरी_ब्राझील
मंडळी, म्हाताऱ्याची भर. मी कॉलेजचा नव्हे, शाळकरी एक्स्चेंजवाला. १९९०च्या दशकात रोटरीतर्फे बारावी सोडून वर्षभर ब्राझीलला गेलो, मिनास जेराइस राज्यात. तेव्हा घरी फोन महिन्यातून एकदा. पत्र पोचायला दोन-तीन आठवडे. म्हणजे मी लिहायचो 'पाय मुरगळलाय' आणि आईचं उत्तर यायचं तेव्हा मी फुटबॉल खेळत असायचो.

निळा ब्लेझर, त्यावर प्रत्येक देशाच्या पोरांशी अदलाबदल केलेल्या पिना, आणि चार गोष्टींना बंदी: दारू, अमली पदार्थ, प्रेमप्रकरण, गाडी चालवणं. चारपैकी तीन पाळल्या. कुठल्या ते विचारू नये.

वर्षात तीन घरं. पहिल्या घरची आई रडली मी दुसरीकडे जाताना, मीही रडलो. खाणं म्हणाल तर रोज दुपारी भात आणि घेवड्याची दाट आमटी. पहिल्या दिवशी म्हटलं, वा, घरच आहे. तिसऱ्या दिवशी कळलं की आमटीत डुकराचा तुकडा असतो.

भाषा शून्य होती. पण स्वयंपाकघरात एक एक शब्द ओळखीचा निघू लागला. बटाट्याला 'बताता'. पावाला 'पांव'. काजूला 'काजू'. किल्लीला 'शावी', आपली चावी! पैसे देण्याला 'पगार'. पोर्तुगीज गोव्यात उतरले आणि आपल्या स्वयंपाकघरात किती सामान टाकून गेले, ते मला कोल्हापुरात राहून कळलं नसतं.

सह्यकडा
घमेलंही तिकडूनच आलंय ना?

कोल्हापुरी_ब्राझील
हो, 'गामेला'. तिकडे लाकडाचं असतं. आपण त्यात सिमेंट कालवतो, ते त्यात कणीक मळतात.

उगाच
विषयांतर फार सुंदर, पण मूळ प्रश्न तसाच आहे. तिच्या बाबांनी विचारलं, सहा महिन्यांत काय शिकणार. ब्राझीलमध्ये काजूला काजू म्हणतात, हे उत्तर कारखान्यात चालणार नाही.

कोल्हापुरी_ब्राझील
बरोबर आहे. मग खरं सांगतो. मी तिथे शिकलो काय, ते तिथे कळलं नाही, परत आल्यावर कळलं, आणि ते अवघड गेलं. वर्ष गेलेलं, मित्र पुढे. घरात सगळं तसंच. पहिले दोन दिवस सगळ्यांनी ब्राझीलबद्दल विचारलं, तिसऱ्या दिवशी कुणी विचारेना, आणि माझं तर नुकतंच सुरू झालेलं. वडील म्हणाले, आता पुरे झालं ब्राझील. मी सहा महिने गप्प होतो. जाताना तयारीची चार शिबिरं झाली होती, परत येण्याचं एकही नाही. पोरी, परत आल्यावर तुझं ऐकून घेणारा एक माणूस आत्ताच ठरवून ठेव. बाबाच असतील तर उत्तम, मग त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना परस्पर मिळेल.

राधाक्का
काका, 'आता पुरे झालं' मीही म्हटलेलं. या धाग्यावर माझ्या चुकांची यादीच होणार दिसतंय.

शेंगदाण्याचा_लाडू
कुणी जेवणाबद्दल बोलतच नाहीये! मी बोलतो.

१. गोल बुडाची कढई नेऊ नको. तिकडे काचेच्या सपाट शेगड्या, कढई डोलते. तवा सपाट घे. पोळी आचेवर फुगवायचं विसर.
२. तूप, पेढे, बर्फी, चितळ्यांचं काहीही दुधाचं नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात जाताना बघणं हा शोक मी भोगलाय.
३. तूप तिकडेच कढव. बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वड्यांत मिळतं. घरच्या तुपाला मागे टाकेल असं होतं, आईला सांगू नको.
४. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी न्यायचीच. तूरडाळ, तांदूळ, पोहे आशियाई दुकानात मिळतात.
५. फोडणीला धुराचा भोंगा वाजतो. खिडकी आधी उघड, मोहरी नंतर.
६. रविवारी दुकानं बंद! शनिवारी संध्याकाळी खरेदी केली नाहीस तर रविवारी मेतकूट-भात.

मीनल_एल्बकाठ
सातवा मुद्दा: कुकर आणू नको. वसतिगृहात मराठी मुलांचा एक तीन लिटरचा कुकर आहे, वारसाहक्काने चालत आलेला. मला तो आधीच्या बॅचच्या मुलाने दिला, मी पुढच्या मुलीला. सध्या कुणाकडे आहे ते शोधून सांगते. शिट्टी करोनाच्या काळात हरवली म्हणे, कुणीतरी दुसरी बसवली आहे.

झुणकाभाकर
प्रवासाचं: बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टरच्या वर्गणीतच तिकीट येतं. ते लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, जलद गाड्यांना नाही. मी ऐटीत पांढऱ्या लांब गाडीत बसलो, ६० युरो दंड. चूक माझीच, पण टीसी इतका नम्र होता की मी दंड भरून त्याला धन्यवाद म्हटलं.

पंतोजी
बाबांच्या प्रश्नाबद्दल मलाही लिहायचं आहे. तांत्रिक ज्ञान म्हणाल तर पाच महिन्यांत चार विषय, तेवढेच इथेही होतात. फरक एवढाच दिसला: जाऊन आलेली मुलं माझ्याकडे सही मागायला येतात तेव्हा अर्ज आधी वाचून आलेली असतात. कुठलं कलम, कुठली मुदत, कुणाची सही, सगळं त्यांना ठाऊक असतं. जाण्याआधी हीच मुलं 'सर, काय करायचं?' म्हणून दारात उभी असायची. याची किंमत सहा लाख आहे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते परवडत असेल तरच जावं, कर्ज काढून नव्हे.

सह्यकडा
शेवटच्या वाक्याला अनुमोदन. कर्ज काढायचं तर मास्टर्ससाठी ठेव.

तिखटमीठ
आणि इरॅस्मस प्लसमध्ये (युरोपीय संघाची एक्स्चेंज शिष्यवृत्ती) जागा आहे का बघ. त्यातून गेलं तर महिन्याला आठ-नऊशे युरो आणि प्रवासखर्च मिळतो. कॉलेजच्या करारावर अवलंबून असतं, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

चिंचेचा_कोळ
विचारलं. आमचा करार त्यात बसत नाही. पण थिअरीचा पेपर उन्हाळ्यात द्यायची लेखी परवानगी मिळाली, आणि प्लेसमेंट ऑफिसनेही ऑनलाइन मुलाखतींना होकार दिलाय, ईमेलवर! बाबांनी ठेव मोडली. मी नको म्हटलं तर म्हणाले, "महिन्याला परत येणार आहेत ना? आलेले नीट वापर." जातेय.

---

चिंचेचा_कोळ
धागा वर काढतेय. फेब्रुवारी. शेवटची परीक्षा काल झाली, सोमवारी निघतेय. तुम्ही सांगितलेलं बहुतेक सगळं घडलं, ज्याला घाबरले होते ते सोडून.

पत्रपेटीवर नाव पहिल्याच दिवशी लावलं. परीक्षेची मुदत फ्रिजवर चिकटवली होती. शेजारची मेक्सिकन मुलगी विसरली, तिला मी शेवटच्या दिवशी आठवण केली. ती अजून मला 'सेक्रेटरी' म्हणते. प्लेसमेंटची एक मुलाखत भारतात दहाला, म्हणजे इथे पहाटे साडेपाचला दिली. खोलीत हीटर, वर ब्लेझर, खाली थर्मल. निवड झाली नाही. दुसरी मार्चमध्ये आहे.

नोव्हेंबर वाईट गेला. दोन आठवडे मी फक्त वर्ग आणि पलंग. राधाक्का, आईने एकदाही 'विसरलीस' म्हटलं नाही. ती रोज दुपारी घरची उन्हातली पापडं, मिरच्या, मांजर असे फोटो पाठवायची, खाली काही न लिहिता.

कोरसमध्ये नाही गेले, गिर्यारोहणाच्या गटात गेले. इथून जवळच वाळूच्या दगडांचे सुळके आहेत. सह्याद्रीत चढलेली आहे म्हटल्यावर एका आजोबांनी नकाशा काढून हरिश्चंद्रगड कुठे ते विचारलं. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये कोकणकडा समजावून सांगायला चाळीस मिनिटं लागली. कुणी इंग्रजीवर आलं नाही.

बाबा परवा फोनवर म्हणाले, "सोमवारी विमानतळावर येतो. पुण्याला पोचेपर्यंत चार तास आहेत, तेवढ्यात सांग सगळं. मी मध्ये बोलणार नाही."

कोल्हापुरी_ब्राझील
चार तास पुरणार नाहीत. एक्स्प्रेसवेने येऊ नका, जुन्या घाटाने या.

मीनल_एल्बकाठ
निघण्याआधी पत्त्याची नोंद रद्द करायची, विमा आणि टीव्हीची वर्गणी बंद करायची. झालं का?

चिंचेचा_कोळ
झालं ताई. चालू खातं अनामत रक्कम परत येईपर्यंत उघडं ठेवलंय. आता एवढंच उरलंय: टेबललॅम्प, उशी, सपाट तवा आणि तो कुकर. एप्रिलला कुणी मराठी येत असेल तर सांगा, मीनलताईकडे ठेवून जाते. रिंग सैल झालीय, वाफ बाजूने जाते.

नवा_भिडू
मी येतोय, नाशिकहून, उन्हाळी सेमिस्टरला. अख्खा धागा दोनदा वाचला. रिंग आणतो. किती लिटरचा?

शेंगदाण्याचा_लाडू
तीन लिटर. पेढे आणू नकोस.